साखळीवरचा कोट

हेदविका कोतासोव्हाला नाचाचा नाद लावला तो तिच्या भावानं. ओर्लोव्हा गावच्या कोळशाच्या खाणीचं स्वतःचं सभागृह होतं आणि शनिवारी दुपारी तिथं खाणकामगारांचं लोकनृत्याचं पथक तालमी करायचं. एव्जेन तिच्याहून थोडा मोठा. तो तिला हाताला धरून न्यायचा, खिडकीच्या कट्ट्यावर बसवायचा आणि स्वतः पथकात जाऊन उभा राहायचा. पुढं तीही पथकात आली. तिथली जुनी माणसं तोंडावर म्हणायची, की कोतासांच्या घरातला नाच सगळा पोरानं घेतला, पोरगी नुसती त्याचं बघून करते. हेदविकाला राग यायचा, पण ते खोटं नव्हतं. एव्जेननं उडी घेतली की क्षणभर वाटायचं, हा आता खाली येत नाही. ती मात्र एकेक पाऊल घोकून घोकून बसवायची.

नाचाच्या शाळेत गेली मात्र तीच. वडिलांची, अलोइस कोतासांची, छाती कोळशाच्या धुळीनं भरून गेली होती. ते स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसून श्वासाशी झगडत असायचे. खाणीत उतरायचा दहा वर्षांचा करार केला की सक्तीची फौज चुकायची, राहायला जागा मिळायची, कोळसा घरपोच यायचा. एव्जेननं शाळा सुटल्या सुटल्या करार केला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. "मी खाली जातो, तू वर उड्या मार. दोघांची मिळून उंची तेवढीच," असं तो हेदविकाला म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. वडील त्याच हिवाळ्यात गेले.

हेदविका ओस्ट्रावाच्या नाट्यगृहात बॅलेला लागली, तीही शेवटच्या रांगेत. हंस, शेतकरणी, दरबारातल्या बायका, बर्फाचे कण, जे जे घोळक्यानं करायचं असतं ते सगळं ती करायची. एव्जेन प्रयोगाला आला की मध्यंतरात मागच्या दारानं आत घुसायचा आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, की बाकी सगळ्या ठीकच आहेत, पण ती डावीकडून तिसरी कोण, ती जरा बरी वाटली. डावीकडून तिसरी तीच असायची.

कम्युनिस्टांची राजवट गेली त्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्यात, सकाळच्या पाळीला खाणीत वायू पेटला. काही माणसं भाजलेल्या अंगानं धडपडत वर आली. एव्जेन आणि त्याच्याबरोबरचे चौघे आले नाहीत. आई, आंद्येला, ऐकलं तशी एप्रनवरच फाटकाशी गेली. हेदविका ओस्ट्रावाहून बसनं आली, तोवर तिथं बायकांची गर्दी झाली होती. फाटकाबाहेर लायलॅकची झुडपं फुलली होती. त्या फुलांचा वास इतका दाटला होता की एका बाईला उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाणीचा एक अधिकारी बाहेर आला. त्यानं टोपी हातात धरली होती. आत आग आहे, ती पसरली तर सगळी खाण जाईल आणि आणखी माणसं जातील, म्हणून त्या बोगद्याचं तोंड भिंत घालून बंद केलंय, असं त्यानं सांगितलं. करणार आहोत असं नव्हे. केलंय.

आंद्येलानं विचारलं, "ते मेलेत हे कुणी बघितलं?"

अधिकारी म्हणाला, की तसल्या हवेत माणूस जगू शकत नाही.

"मी ते नाही विचारलं," आंद्येला म्हणाली.

मग ती साखळीघरात गेली. कामगार पाळीला उतरताना घरचे कपडे तिथं आकड्याला अडकवतात आणि साखळी ओढून छतापर्यंत चढवतात. वर आले की खाली घेतात. त्या दिवशी खाण रिकामी केलेली असल्यामुळे उंच छताखाली पाचच गाठोडी लटकत होती. बायकांनी तिथं जायचं नसतं, पण तिला कुणी अडवलं नाही. तिनं एव्जेनची साखळी सोडली. विजार, सदरा, बूट आणि मेंढीच्या कातड्याचं अस्तर लावलेला तपकिरी कोट खाली आला. पहाटे मोटारसायकलवर थंडी वाजते म्हणून मे महिन्यातही तो कोट घालायचा. आंद्येलानं बाकीचे कपडे काखेत धरले आणि कोट अंगात चढवला. आधी डावा हात, मग उजवा, मग गळ्यापर्यंत सगळी बटणं. आणि त्या उन्हात ती घरापर्यंत चालत गेली. रस्त्यातली माणसं तिला बघून बाजूला होत होती. हेदविका थोडं अंतर ठेवून मागं चालली होती.

त्या संध्याकाळी हेदविकाचा प्रयोग होता. एक फोन केला असता तर कुणीही तिला सुट्टी दिली असती. पण त्या घरात तिला बसवेना. ती बसनं ओस्ट्रावाला गेली, डोक्यावर फुलांचा मुकुट बांधला आणि लग्नाच्या प्रसंगात नाचली. आईनं तिला जा म्हटलं नव्हतं आणि थांबही म्हटलं नव्हतं.

दीड वर्षानं भिंत फोडली. आतून जे मिळालं ते बंद पेट्यांत घालून घरच्यांच्या हवाली केलं. आंद्येलानं पेटी पुरली, दगड बसवला, पण आत कोण आहे याची तिला कधीच खात्री वाटली नाही. पुढं त्यांची जुनी वस्ती खालच्या बोगद्यांमुळे खचायला लागली. तिला नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर सदनिका मिळाली. कोट दाराआडच्या खिळ्याला राहिला. आंद्येला त्याला रोज काही हात लावायची नाही. कधीतरी बाहेरून आली, की दार लोटून घ्यायची आणि कॉलरशी नाक नेऊन तिथंच उभी राहायची. हेदविकानं ते बघितलं होतं, आणि बघितलं की ती पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात निघून जायची.

पुढची बरीच वर्षं तशीच गेली. हेदविका शेवटच्या रांगेतून मधल्या रांगेत आली आणि तिथून परत शेवटच्या रांगेत गेली. वाद्यवृंदातल्या एका ट्रॉम्बोनवाल्याबरोबर ती काही काळ राहिली. तो जर्मनीत नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. सदतिशीत तिचा उजवा खुबा दुखायला लागला. नव्या मुली तालमीआधी तिला आदरानं वाट करून द्यायच्या. तो आदर तिला आवडायचा नाही.

अशात प्रागहून क्रिश्तोफ वानेचेक नावाचा तरुण नृत्यदिग्दर्शक आला. त्यानं कुठल्याशा संग्रहालयात एका जुन्या चित्रकाराची लाकडी ठशांनी छापलेली चित्रं बघितली होती. चित्रकार स्वतः तरुणपणी खाणीत काम केलेला. सगळी चित्रं काळी, त्यात पांढरं जेमतेम दिव्यापुरतं: वाकलेली माणसं, फाटकाशी उभ्या बायका. क्रिश्तोफला त्यावर बॅले करायचा होता. झगे नाहीत, मुकुट नाहीत, अनवाणी पाय किंवा खाणीतले बूट. संगीत या भागातल्या जुन्या गाण्यांचं, पण इतकं संथ की गाणं ओळखू येऊ नये. आणि पावलंही इथल्याच जुन्या जोडीनाचाची. मंडळातली मुलं त्याच्या प्रागच्या लांबलचक बोलण्याची टिंगल करायची, की याचं एक वाक्य संपेपर्यंत आमच्या बापाची पाळी सुटायची. पण माणूस कामाचा होता, कुणावर ओरडत नव्हता, आणि हळूहळू तो सगळ्यांना आवडायला लागला.

एकदा त्यानं सगळ्या मंडळाला बंद पडलेल्या एका खाणीत नेलं. साखळीघरात अजून कपडे टांगलेले होते, लोकांनी येऊन बघावं म्हणून. मुलांनी साखळ्या ओढून बघितल्या, एकीनं लटकत फोटो काढून घेतला. हेदविका बाहेर निघून गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. क्रिश्तोफ मागोमाग आला. बरं वाटत नाही का, असं त्यानं विचारलं, आणि मग काही न बोलता शेजारी उभा राहिला.

त्याच्या त्या न बोलता उभं राहण्यालाच आपण फसलो, असं ती पुढं म्हणायची. नाट्यगृहात इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं: फाटक, भिंत, साखळी, कोट, उन्हातून चालत गेलेली आई. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं, की हा ऐकता ऐकता बघतोय, रंगमंचावर बघतोय. आणि तरी ती थांबली नाही. उलट अधिक नीट सांगायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला आईची भूमिका दिली. पहिल्यांदाच जाहिरातीत तिचं नाव एकटं, वेगळ्या ओळीत येणार होतं.

शेवटच्या प्रसंगात नाच म्हणावा असं फारसं काही नव्हतं. साखळ्या खाली यायच्या, पुरुष आपापले कपडे घालून निघून जायचे, एक गाठोडं वर राहायचं. तिनं यायचं, साखळी सोडायची, कोट घालायचा आणि काळ्या रंगमंचावरून प्रेक्षकांच्या दिशेनं चालत यायचं. संगीत तेव्हा बंद. क्रिश्तोफ बारीकसारीक विचारायचा. आधी कुठला हात? बटणं बघून लावली की न बघता? पाय उचलत होती की ओढत होती? हेदविकाला सगळं आठवत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पावलं घोकलेल्या तिच्या अंगाला हे एक न घोकता येत होतं. तालीम संपली की तिला हलकं वाटायचं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याची लाजही वाटायची. पण दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर असायची.

कपडेपटातून आलेला कोट क्रिश्तोफला पसंत पडेना. तो कुणाचाच वाटत नाही, असं तो म्हणत राहिला. खरा कोट आणता येईल का, असं त्यानं विचारलं नाही. हेदविकाच म्हणाली, की बघते.

ती ओर्लोव्हाला गेली आणि आईला म्हणाली, की कोटाला कसर लागलीय, अस्तर खाऊन टाकेल, मी एका माणसाकडून साफ करून आणते. आंद्येलानं बराच वेळ कोटाकडे बघितलं.

"धुवायचा नाही," ती म्हणाली. "नुसता झाडून आण. ऐकलंस?"

हेदविकानं ऐकलं होतं. नाट्यगृहात कोट देताना मात्र ती हे कुणाला बोलली नाही. बोलली असती तर कोट कुणाचा, कसा आणला, हेही आलं असतं. कपडेपटाची यार्मिला मायाळू बाई होती. इतक्या जुन्या मळक्या कोटात हेदविकाला तासन् तास वावरायचं म्हणून तिनं तो स्वतः घरी नेला, अस्तर उसवून धुतलं, बाहेरची बाजू साबणानं पुसली, कोट वाळवला, खांदे हेदविकाच्या मापाचे केले आणि हौसेनं तिच्या आरशासमोर आणून टांगला. हेदविकानं वास घेऊन बघितला. साबण. ती यार्मिलाला काही म्हणाली नाही. तोंड भरून आभार मानले.

आई प्रयोगाला येईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. एव्जेन गेल्यापासून आंद्येलानं नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती. पण क्रिश्तोफनं खाणीत नवरे-मुलगे गेलेल्या बायकांना पहिल्या प्रयोगाचं आमंत्रण दिलं होतं आणि त्यांच्यासाठी बससुद्धा ठरवली होती. हेदविकाला हे त्याच संध्याकाळी कळलं. त्याला वाटलं होतं तिला आनंद होईल. पडद्याच्या फटीतून तिनं बघितलं. काळे कपडे घातलेल्या बायका पुढच्या रांगांत बसल्या होत्या आणि त्यांच्यात आंद्येला होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

तेव्हा ती क्रिश्तोफकडे जाऊ शकत होती. कपडेपटातला दुसरा कोट खुंटीलाच होता, तो तरी घालू शकत होती. ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

त्या रात्री ती जशी नाचली तशी पूर्वी कधी नाचली नव्हती आणि पुढंही नाचली नाही. ती कोट घालून पुढं आली तेव्हा सभागृहात खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. दिवे गेले, मग आले, आणि माणसं उभी राहिली. बायका रडत होत्या, एकमेकींना धरत होत्या. आंद्येला बसून होती. टाळ्या थांबत नव्हत्या, आणि हेदविका पुन्हा पुन्हा वाकत होती.

नंतर कपडे बदलायच्या खोलीच्या दारात आंद्येला येऊन उभी राहिली. बाकीच्या मुली आपणहून बाहेर गेल्या. हेदविकाच्या अंगात अजून कोट होता.

"दे इकडं," आंद्येला म्हणाली.

हेदविकानं काढून दिला. आंद्येलानं कॉलर नाकाशी नेली. मग बाही, मग आतलं अस्तर. सावकाश, दुकानात माल पारखावा तसं.

"धुतलात."

"यार्मिलाला माहीत नव्हतं, आई. मी तिला सांगितलं नाही."

"त्या दिवशी तू नाचायला गेलीस," आंद्येला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी मनाला समजावलं, की लहान आहे, घरात बसवत नसेल तिला. आज काय समजावू?"

"मला वाटलं, लोकांना कळावं..."

"लोकांना कळायला पेपर असतात. मी समोर बसले होते, हेदा. तुला टाळ्या हव्या होत्या."

हेदविकानं हो म्हटलं.

आंद्येलानं कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "राहू दे आता इथंच. तुमच्या पावडरीचा वास येतोय त्याला." आणि ती बस सुटेल म्हणून निघून गेली.

हेदविकानं क्रिश्तोफला शेवट बदलायला सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, पण त्यानं बदलला नाही. "ते आता तुझ्या एकटीचं उरलेलं नाही," असं तो म्हणाला. तिला राग आला, आणि रागापेक्षाही, तो बरोबर बोलतोय हे जास्त लागलं. तिनं हंगाम पुरा केला. मग खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि नाच संपला. भूमिका योहाना नावाच्या मुलीकडे गेली, जेमतेम विशीतली, नाकीडोळी नीटस. बॅले व्हिएन्नाला गेला, पुढं पोलंडला गेला. हेदविकानं एकदा मागच्या बाल्कनीतून बघितला. योहाना सुरेख करत होती. तिला त्यातून काही नको होतं, म्हणून ते स्वच्छ दिसत होतं. अंगात मात्र कपडेपटातला कोट होता. हेदविकानं यार्मिलाला विचारलं. खरा कोट कुठल्याशा दौऱ्यात पेटाऱ्यात भिजला, बुरशी आली, टाकून दिला. कुणी टाकला ते यार्मिलाला सांगता येईना. ती रडायला लागली तेव्हा हेदविकानंच तिची समजूत घातली.

आंद्येलानं लेकीला घराचं दार बंद केलं नाही. हेदविका दर रविवारी जायची, सामान न्यायची, खिडक्या पुसून द्यायची. आई हवेबद्दल बोलायची, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोलायची. जेवायला वाढायची, पण स्वतः बरोबर बसायची नाही. मी खाऊन घेतलंय, म्हणायची. दाराआडचा खिळा तसाच होता. त्याला काही अडकवलेलं नसायचं. वर्षामागून वर्षं अशीच गेली.

नाच सुटल्यावर हेदविका कार्विनाजवळच्या एका आरोग्यस्नानगृहात कामाला लागली. तिथं जमिनीखालून येणाऱ्या खाऱ्या, औषधी पाण्यात सांधेदुखीची माणसं बसवतात. बहुतेक जण जुने खाणकामगार. गुडघे गेलेले, पाठी मोडलेल्या, कातडीखाली कोळशाचे निळे डाग. त्यांना धरून हौदात उतरवायचं, वेळ झाली की वर काढायचं, टॉवेलात गुंडाळायचं. माणसाचं वजन कसं पेलायचं हे तिला येत होतं. तिचं तिथं बरं चाललं होतं.

तिथं रोस्तिस्लाव हिर्निक आला. सत्तरी ओलांडलेला, अंगानं आडवा, दोन्ही गुडघे निकामी. तिच्या छातीवरची नावाची पट्टी बघून त्यानं विचारलं, की ओर्लोव्हाच्या कोतासांतली का. ती हो म्हणाली. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. दुसरी बाई द्या, असंही त्यानं मागून बघितलं, पण माणसं कमी होती. शेवटी एका सकाळी, पाण्यात बसून, तिच्याकडे पाठ करून तो बोलायला लागला.

"तो तुमचा नाच मी बघितलाय. बायको घेऊन गेली होती. शेवट नाही बघितला, उठून आलो." मग म्हणाला, "मी बचाव पथकात होतो. ती भिंत आम्ही घातली."

हेदविकाच्या हातात टॉवेल होता. तिनं तो बाकावर ठेवला. आई अधिकाऱ्याला जे विचारत होती ते विचारायला आता माणूस समोर होता.

"आतून काही आवाज आला?"

"नाही. पण नीट ऐका. तोंडावर श्वासाचं यंत्र बांधलेलं, कानात आपलाच श्वास घुमतो. भिंतीवर वाळूची गोणी टाकायची, मागं यायचं, दुसऱ्यानं टाकायची. परत कधी भडकेल त्याचा नेम नाही. आवाज आला नाही. पण जरा थांबून ऐकू या, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं."

ती त्याला वेळ झाल्यावर बाहेर काढून, पुसून, खुर्चीत बसवून गेली. पुढचे काही दिवस तिनं ते कुणाला सांगितलं नाही. अर्धंच सांगता आलं असतं: आई, आवाज आला नव्हता, एक माणूस भेटला, त्यानं शपथेवर सांगितलं. म्हातारीला तेवढ्यानं झोप आली असती. किंवा काहीच न सांगता राहता आलं असतं. रविवारी ती आईकडे गेली, खिडक्या पुसल्या आणि गप्प परत आली.

मग ती हिर्निकला म्हणाली, "हे माझ्या आईचं आहे. मी मध्ये पडणार नाही. तुम्ही येऊन तिला सांगा, मला सांगितलंत तसंच, सगळं."

तो नाही म्हणाला. पुढच्या वेळीही नाही म्हणाला. उपचार संपायच्या आदल्या दिवशी त्यानं पत्ता विचारला.

तो रविवारी आला, काळा सूट घालून, दोन काठ्यांवर. चौथ्या मजल्यावर लिफ्टनं आला तरी दाराशी धापा टाकत होता. हेदविकानं आईला आधी एवढंच सांगितलं होतं, की खाणीतला एक माणूस येतोय, त्याला काही सांगायचंय. आंद्येलानं त्याला स्वयंपाकघरात बसवलं. चुलीवर कोबीचं आंबट सूप होतं. हेदविका आत गेली नाही, बोळात उभी राहिली. हिर्निकनं सगळं सांगितलं. त्यानं स्वतःला वाचवलं नाही. थांबून ऐकलं नाही, हेही तसंच सांगितलं.

मग आंद्येलानं विचारलं, "तुम्हाला भीती वाटत होती?"

"हो, बाई. खूप."

"मला वाटायचं, तुम्ही निवांत बांधली असेल," आंद्येला म्हणाली. "घराची बांधतात तशी. ओळंबा लावून. एवढी वर्षं मला तसंच दिसायचं."

"नाही हो," हिर्निक म्हणाला. "आम्ही पळत होतो."

आंद्येला उठली. तिनं वाडगा काढला, त्यात सूप ओतलं, वर सॉसेजच्या चकत्या टाकल्या आणि त्याच्यापुढं ठेवलं. "खा. निवतंय." त्यानं चमचा बाजूला ठेवला आणि वाडगाच दोन्ही हातांनी तोंडाला लावला. आंद्येला त्याचं खाणं संपेपर्यंत समोर बसून राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यानंही माफी मागितली नव्हती.

तो गेल्यावर तिनं बोळात बघितलं. "तू इथं का उभी?"

"तुमच्या दोघांतलं होतं ते."

आंद्येला परत चुलीशी गेली. तिनं आणखी दोन वाडगे काढले. एक लेकीपुढं ठेवला, एक आपल्यापुढं, आणि खुर्ची ओढून बसली. ती खात असताना हेदविकाला तिच्याकडे बघायचं धाडस होईना. सूपात मीठ कमी होतं. तिनं मागितलं नाही, तसंच खाल्लं.

त्यानंतर आंद्येला जेमतेम दोन हिवाळे काढून न्यूमोनियानं गेली. शेवटच्या दिवसांत ती इस्पितळात एव्जेनबद्दल थोडं बोलायची, तेही साधंच: पोहायला शिकला नाही, बटाट्याच्या धिरड्यांवर साखर घालून खायचा. भिंतीबद्दल नाही, नाट्यगृहाबद्दल नाही. एकदा तिनं हेदविकाला विचारलं, की खुबा कसा आहे. बरा आहे, हेदविका म्हणाली. तो बरा नव्हता, आणि ते आंद्येलाला दिसत होतं.

दफनाच्या दिवशी बर्फाचं चिखल-पाणी झालं होतं. जमीन खचून दफनभूमीतले बरेच दगड कलले होते, एव्जेनचाही. खणणाऱ्यांनी आधी तो सरळ केला, मग शेजारी खड्डा घेतला. हिर्निकला फार वेळ उभं राहवेना. त्याला हेदविकानं बाकावर बसवलं. नाट्यगृहातून यार्मिला आली होती, दुसरं कुणी नाही. क्रिश्तोफचा फोन आला होता. तो तेव्हा परदेशात दुसरा बॅले बसवत होता. त्याच्याशी ती नीट बोलली. सोमवारी सकाळी ती कामावर गेली, कारण पहिल्याच तासाला एक नवा रोगी होता, पाठ गेलेला, आणि त्याला एकट्यानं पाण्यात उतरायची भीती वाटत होती.